हसताना डोळा मिटतो तेव्हा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात रुग्ण वाढले आणि गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजेच ‘जीबीएस’, हे नाव घरोघरी पोहोचले. या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांबरोबर अनेकांचा चेहराही लुळा पडतो. बहुतेक रुग्ण हळूहळू सावरतात. परंतु काहींना काही महिन्यांनी निराळाच त्रास जाणवू लागतो.

“डॉक्टर, हे हसले की एक डोळा आपोआप मिटतो. पाहुण्यांसमोर हसणंच सोडलंय यांनी,” एका आजींनी मला सांगितले. आजोबांना मात्र आजार उलटल्याची धास्ती होती.

तसे नव्हते. इजा झालेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतो. वाढताना काही धागे वाट चुकतात. ओठांकडे जाणारा धागा पापणीच्या स्नायूला जाऊन मिळतो. मग हसण्याची आज्ञा डोळ्यालाही पोहोचते. काहींच्या गालाखाली अळी सरकावी तशी थरथरही जाणवते. ती बहुधा कालांतराने ओसरते.

अशा वेळी जोर लावून गाल फुगवणे वा सतत च्युइंगम चघळणे टाळावे. त्याने चुकीची हालचाल अधिक पक्की होऊ शकते. फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेऊन आरशासमोर सावकाश, हलकेच हसावे आणि डोळा उघडा राहील तेवढ्यावरच थांबावे. दिवसातून दोनतीनदा, थोडा वेळ पुरे. त्रास फार असल्यास तज्ज्ञ बोटुलिनम इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम साधारण तीनचार महिने टिकतो. डोळा पूर्ण मिटत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरावेत आणि झोपताना पापणी झाकून घ्यावी.

मात्र हातापायांत पुन्हा अशक्तपणा आला, गिळताना ठसका लागू लागला किंवा श्वास अपुरा पडू लागला, तर वाट पाहू नये. अचानक तोंड वाकडे होऊन बोलणे अडखळले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो; तत्काळ १०८ वर दूरध्वनी करावा.

सेवा करणाऱ्यांना एकच विनंती: ‘डोळा बघा, डोळा बघा’ असे वारंवार टोकू नका. त्या आजोबांचा डोळा आजही किंचित मिटतो. पण आता ते नातवंडांसोबत जेवायला बसतात आणि हसतातही.