विश्लेषण : तळघरात झिरपणारे पाणी नेमके येते कुठून?

जूनमध्ये दोन-चार दमदार सरी झाल्या, की बंगल्याच्या तळघरात भिंतीच्या पायथ्याशी ओलीचा पट्टा उमटतो. मग ठरलेला क्रम सुरू होतो. पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्यायचे. पुढच्या पावसाळ्यात तोच रंग पुन्हा फुगतो. रंगामुळे ओल झाकली जाते, पाण्याची वाट बंद होत नाही. ती वाट आधी शोधायची कशी?

पाणी भिंतीतून आत कसे शिरते?

तळघरासाठी खोदलेल्या खड्ड्यात भिंतीलगत भरलेली माती मूळ जमिनीपेक्षा सैल असते. पावसाचे पाणी तिथेच मुरते. खाली कातळ असेल तर त्याला पुढे जायला जागा नसते आणि तो खड्डा हौदासारखा भरतो. भिंतीबाहेर एक मीटर उंचीचे पाणी साचले, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब पडतो. हा दाब कच्चे दुवे शोधतो. भिंत आणि फरशीचा सांधा, काँक्रीटमधील जोड आणि पाइपसाठी पाडलेली भोके हे त्यातले नेहमीचे.

कारण कसे ओळखावे?

ओल केव्हा येते, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. पाऊस सुरू होताच काही तासांत ओल आली आणि उघडीप मिळताच ओसरली, तर बहुधा गच्चीचे किंवा अंगणातले पाणी भिंतीशी साचत असते. सलग पावसानंतर ती फरशीच्या सांध्यातून वर आली आणि आठवडेच्या आठवडे टिकली, तर भूजलाची पातळी वाढल्याची शक्यता अधिक. भर उन्हाळ्यातही ओल हटत नसेल, तर संशय पाइप, ड्रेनेज किंवा जमिनीखालच्या टाकीवर घ्यावा. टाकीत येणारे पाणी, पंप आणि सर्व नळ रात्रभर बंद ठेवून पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरली असेल, तर गळती घरातलीच आहे.

फॉइलची चाचणी काय सांगते?

भिंतीचा छोटा भाग पुसून कोरडा करावा. त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवावा. थेंब फॉइलच्या मागे जमले, तर पाणी भिंतीतून येते. ते खोलीकडच्या बाजूला जमले, तर हवेतील बाष्प गार पृष्ठभागावर साचत आहे. अशा वेळी पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवल्याने दमटपणा वाढतो. तिथे डीह्युमिडिफायर अधिक उपयोगी. भिंतीवरची पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, मात्र भिंतीतून पाणी झिरपल्याचीच खूण असते.

उपाय कुठून सुरू करावा?

बाहेरून. तेच सर्वांत स्वस्तही पडते. गच्चीचे पाइप भिंतीपासून दूर सोडावेत. पहिल्या 10 फुटांत जमिनीला सुमारे 6 इंच उतार द्यावा. भिंतीला खेटून असलेले फुलझाडांचे वाफे हलवावेत. पुनर्भरणाचा शोषखड्डाही तळघरापासून लांब असावा. भूजलाचा त्रास असेल तर पायालगत खडीची निचरा-नळी आणि पंपासह सम्प लागतो.

वॉटरप्रूफिंगही बाहेरून केलेले टिकते, कारण पाण्याचा दाब थर भिंतीवर दाबून धरतो. आतून लावलेल्या थराला तोच दाब मागून ढकलतो. म्हणूनच नवीन बांधकामात भराव टाकण्याआधी शहाबादी फरशीचे ‘बॉक्स’ वॉटरप्रूफिंग करून घेतात. नंतर तेच करायचे तर पुन्हा खोदकाम आले.

धोका केव्हा?

तडा रुंदावत असेल, भिंत आत फुगली असेल किंवा गंजाचे डाग पडून सळया उघड्या पडल्या असतील, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावे. तळघरात पाणी भरल्यास वीजपुरवठा बंद झाल्याशिवाय आत उतरू नये. काठोकाठ भरलेले तळघर एका दमात उपसणेही घातक ठरते. आतले पाणी गेले, की बाहेरच्या ओल्या मातीचा सगळा दाब भिंतीवर येतो आणि ती कोसळू शकते. त्यामुळे बाहेरचे पाणी ओसरल्यावर रोज साधारण एक तृतीयांश पाणी काढावे.

पहिल्या पावसापासून ओलीची तारीख, वेळ आणि जागा मोबाइलमध्ये फोटोसह नोंदवून ठेवावी. ठेकेदाराकडून दर मागवण्याआधी ही नोंद त्याच्यासमोर ठेवली, तर नको त्या कामाचा खर्च वाचतो.