विमानप्रवास : बसल्या जागी चढलेला डोंगर

परदेशी मुलांकडे निघालेल्या आजी-आजोबांच्या घरी तयारी चालते ती व्हिसा, कपडे, लोणची आणि लाडवांची. शरीराची तयारी मात्र बहुधा गृहीत धरली जाते. वस्तुतः लांबचा विमानप्रवास ही वृद्ध शरीराची परीक्षाच असते, आणि तिचे कारण विमानाच्या रचनेतच दडलेले आहे.

प्रवासी विमान साधारणतः ३० ते ४० हजार फूट उंचीवरून उडते. तेथील हवा इतकी विरळ असते, की ती दाबून मगच विमानात सोडावी लागते. हा दाब जमिनीवरील हवेइतका ठेवायचा, तर विमानाचे कवच फार जड करावे लागेल. म्हणून मधला मार्ग काढला जातो : आतील हवा सुमारे ६ ते ८ हजार फूट उंचीवर असावी, इतपत विरळ राहते. आपले कळसूबाई शिखर सुमारे ५,४०० फूट उंच आहे. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या आपण त्याहूनही उंच चढलेले असतो!

श्वासाची परीक्षा

८ हजार फुटांवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू जमिनीपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी असतो. निरोगी व्यक्तीस हे जाणवतही नाही. परंतु दमा, फुप्फुसांचा जुना विकार, हृदयाची दुर्बलता किंवा तीव्र रक्तक्षय असल्यास हीच उणीव जड जाऊ शकते. सुमारे ५० मीटर चालताना अथवा एक जिना चढताना धाप लागत असेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नुकतीच शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास तो अनिवार्य समजावा.

पाय, पाणी आणि औषधे

चार तासांहून अधिक काळ एका जागी बसल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून पावले वर-खाली हलवावीत, शक्य तेव्हा थोडे चालावे. झोपेची गोळी घेऊन तासन्‌तास निश्चल पडून राहणे टाळावे. विमानातील हवा अतिशय कोरडी असते. शौचालयात जाणे टळावे म्हणून अनेक ज्येष्ठ पाणीच पीत नाहीत, तसे करू नये. डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असल्यास अर्थातच ते पाळावे. औषधे आणि इन्सुलिन हातातील पिशवीतच ठेवावे. सामानकक्षात इन्सुलिन गोठण्याची भीती असते. दोन देशांच्या वेळांत मोठा फरक असल्यास औषधांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

लपवू नये, सांगावे

तिकीट रद्द होईल या धास्तीने काही ज्येष्ठ आपला त्रास घरच्यांपासूनही लपवतात. त्यांना रागे न भरता विश्वासात घेणे, हे सोबत्याचे पहिले काम. पूर्वसूचना दिल्यास विमान कंपनी चाकांच्या खुर्चीची व्यवस्था करते. प्राणवायूची गरज असल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र आणि कंपनीची पूर्वपरवानगी लागते; घरचा सिलिंडर सहसा नेता येत नाही. चाकांची खुर्ची घेण्यात कोणताही कमीपणा नाही. विमानतळावरील लांबच लांब चाल वाचली, तर तीच शक्ती पुढील प्रवासासाठी आणि नातवंडांना उचलून घेण्यासाठी शिल्लक राहील.