कोंबडीसाठी कुऱ्हाड: निवड आणि धार

परसातली गावरान कोंबडी दीड-दोन किलोची, आणि तिची मान जेमतेम दोन बोटे जाड. एवढ्या कामाला सरपण फोडायची जड कुऱ्हाड घेण्यात अर्थ नाही. ती नेमकी पडत नाही, शिवाय तिचे पाते पाचरीसारखे जाड असते. लाकूड उभे फाकते म्हणून तिथे ते चालते. कातडी आणि स्नायू मात्र फाकत नाहीत, चिरडतात. ५०० ते ७०० ग्रॅम वजनाची, ३० ते ४० सेंटीमीटर दांड्याची हातकुऱ्हाड पुरते. अर्थात, हलाल पद्धतीत गळा सुरीनेच चिरतात आणि बऱ्याच घरांत कोयता चालतो. तिथे कुऱ्हाडीची गरजच नाही.

गाडीच्या कमानपट्ट्याचे पोलाद या कामाला उत्तम. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, त्यामुळे धार टिकते आणि पाते सहसा तुटत नाही. धारेवर कानस फिरवून पाहावी. ती नुसती घसरली तर पाणी जास्त चढले आहे, लोण्यासारखी घुसली तर पाते मऊ आहे. दांडा बाभळीचा, नेढ्यात पाचर ठोकून घट्ट बसवलेला हवा. सैल दांडा पाण्यात भिजवून फुगवतात, पण तो वाळला की पुन्हा हलतो.

खरे काम धारेचे. बाजारातल्या कुऱ्हाडीच्या दोन बाजूंमधला कोन बहुधा ३५ ते ४० अंशांचा असतो. तो कानशीने २५ ते ३० अंशांवर आणावा. कानस एकाच दिशेने ढकलावी. विजेच्या चाकावर काम लवकर होते, पण पाते निळे पडले की तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, म्हणजे त्या जागेचे पाणी उतरले असे समजावे. मग ती जागा घासून काढण्यावाचून इलाज नाही. कानशीनंतर दगडाची आधी खरखरीत बाजू, मग बारीक बाजू. घासता घासता पलीकडच्या बाजूला बोटाला जाणवेल अशी बारीक कड उठते. ती उठेपर्यंत त्या बाजूचे काम संपलेले नसते. दुसरी बाजूही तशीच घासून शेवटी पाते जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढावे. वर्तमानपत्राचा कागद न फाटता चिरला गेला की झाले. वस्तऱ्यासारखी धार नको, ठोकळ्यावर ती मोडते.

ठोकळ्याचा आडवा कापलेला माथा वापरावा, त्यावर धार कमी बोथट होते. मान सरळ राहावी म्हणून त्यात दोन खिळे ठोकतात. घाव मानेच्या मध्यावर बसला पाहिजे. १९४५ साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फ्रूटा गावी घाव फार वर बसला आणि मेंदूचा तळभाग शाबूत राहिला. माईक नावाचा तो कोंबडा डोक्याविना सुमारे दीड वर्ष जगला. त्याला अन्ननलिकेतून थेंब-थेंब खाणे द्यावे लागे. मान नीट तुटल्यावरही धड फडफडते, पण ती मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते. पाय व पंख घट्ट धरले म्हणजे मांसाला मुका मार लागत नाही.

काम झाल्यावर पाते आधी गार पाण्याने धुवावे, गरम पाण्याने रक्त चिकटून बसते. नंतर साबणाने धुऊन, कोरडे पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावा. सरपणासाठी दुसरी कुऱ्हाड ठेवावी.