शरीरातील निचरा : मूत्रपिंडे व त्यांचे विकार

रोहिणखेड हे मोताळा तालुक्यातील गाव घाटाच्या पायथ्याशी वसलेले आहे. तेथून उत्तरेस पूर्णा नदीच्या दिशेने गेले म्हणजे जमीन सपाट होत जाते व पुढे खारपाणपट्टा लागतो. बुलढाणा, अकोला व अमरावती या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील भूगर्भाचे पाणी खारे आहे. भारी काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा होत नाही, क्षार साठतात व पीक खुरटते, हे तेथील शेतकऱ्यांस सांगावयास नको. मनुष्यदेहातही असाच निचरा चालू असतो व तो मूत्रपिंडांकडे सोपविलेला आहे.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आड, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, परंतु मूत्र होते ते साधारणतः दीड लिटर. बाकीचे पाणी, साखर व उपयुक्त क्षार रक्तात परत घेतले जातात. घरातील सर्व सामान अंगणात काढून कामाचे तेवढे पुन्हा आत न्यावे, तशी ही रीत आहे. बाहेर टाकावयाच्या पदार्थांत मुख्य म्हणजे युरिया. खताच्या गोणीत असतो तोच हा पदार्थ. अन्नातील प्रथिनांपासून तो यकृतात तयार होतो. याशिवाय रक्तदाबाचे नियमन करणे, हाडांस बळकटी देणे व नवीन रक्त तयार होण्यास चालना देणे ही कामेही मूत्रपिंडे करतात. म्हणूनच मूत्रपिंडाचा रोगी फिकट दिसतो व थकतो.

एका निरोगी मूत्रपिंडावरही मनुष्याचे काम चालते. निसर्गाची ही उदारताच पुढे घातक ठरते. पुष्कळसा भाग निकामी होईपर्यंत रोग्यास काहीच जाणवत नाही, दुखतही नाही. पायांवर व डोळ्यांभोवती सूज, फेसाळ लघवी, मळमळ, दम ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. त्यापूर्वी रोग ओळखण्यास रक्तदाब मोजणे, लघवीतील प्रथिन पाहणे व रक्तातील क्रिएटिनिन तपासणे एवढे पुरते.

संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकाराने अनेक घरे उद्ध्वस्त झाली आहेत व लोक त्याचा दोष खाऱ्या पाण्यास देतात. गोड्या पाण्याची मागणी न्याय्यच आहे. आंध्र प्रदेशातील उद्दानम, श्रीलंका व मध्य अमेरिकेतील ऊस कामगार यांच्यातही असाच विकार आढळतो. तेथे पाणी, उन्हातील अतिश्रम व कीटकनाशके या सर्वांवर संशय असून शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही. परंतु सर्व दोष पाण्यावर टाकला म्हणजे मधुमेह व वाढलेला रक्तदाब ही सर्वांत मोठी कारणे नजरेआड होतात, आणि त्यांवर तर औषध आहे. कंबर दुखली की दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेण्याची सवयही तितकीच वाईट. दिवसभर उन्हात राबून पाणी कमी प्यालेल्या शरीरास ती विशेष अपायकारक असते.

मूत्रपिंडे एकाएकीही बंद पडतात. घोणस चावणे व जुलाब-वांत्यांनी शरीर शुष्क होणे ही त्याची खेड्यांतील नेहमीची कारणे होत. अशा रोग्याची लघवी कमी होताच त्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. वेळेवर उपचार मिळाल्यास ही मूत्रपिंडे पुष्कळदा पूर्ववत होतात.

हळूहळू निकामी झालेली मूत्रपिंडे मात्र पूर्ववत होत नाहीत. रक्तदाब व साखर ताब्यात ठेवून, मीठ कमी करून व वैद्यकीय सल्ल्याने औषधे घेऊन ऱ्हास मंदावता येतो. भोंदू लोकांच्या भस्मांनी तो वाढण्याचीच भीती अधिक. पुढे रक्तशुद्धी, म्हणजे डायलिसिस, करावी लागते. हॉलंडमधील डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून पहिले कृत्रिम मूत्रपिंड चालविले. आजही तत्त्व तेच आहे. हा उपचार सामान्यतः आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येकी सुमारे ४ तास घ्यावा लागतो. पेरणी आली म्हणून त्यात खंड पाडता येत नाही. पोटातील पडद्याचा उपयोग करून घरी करण्याची दुसरी रीतही आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व २०१६ मध्ये सुरू झालेला प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांचा आधार मिळतो. शिधापत्रिका व आधारकार्ड आधीच नीट करून ठेवण्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मदत करावी.

प्रत्यारोपण हा याहून चांगला उपाय होय. १९५४ मध्ये बोस्टन येथे जुळ्या भावाचे मूत्रपिंड बसविण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. भारतात वेल्लोर येथे १९७१ मध्ये. १९९४ च्या कायद्यान्वये जवळचे नातेवाईक मूत्रपिंड देऊ शकतात, तसेच मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचे मूत्रपिंड कुटुंबाच्या संमतीने घेता येते. अमरावतीच्या शासकीय विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयातही या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. नंतरची औषधे जन्मभर घ्यावी लागतात.

डायलिसिससाठी रोग्याच्या हाताची शीर व धमनी शस्त्रक्रियेने जोडतात. त्या हातावर रक्तदाब मोजू नये, सुई टोचू नये आणि त्या हाताने पाण्याची घागर किंवा खताची गोणी उचलू नये.