मीठ, पाणी आणि वीज

नवी मुंबईत सीवूड्स नावाचा भाग आहे. आज तिथे उंच इमारती आहेत, रेल्वेचे स्टेशन आहे. पण दारावे आणि करावे ही तिथली जुनी गावे. तिथली जुनी मंडळी आगरी-कोळी. आगरी हे नाव आगरावरून आले. आगर म्हणजे मिठागर. भरतीचे पाणी आगरात घ्यायचे, उन्हात आटू द्यायचे, की झाले मीठ! १९७० साली सिडको स्थापन झाली. शहर वाढले, तशी खाडीकाठची पुष्कळ आगरे गेली. मीठ मात्र घरोघरी आहेच.

हे मीठ असते तरी काय? सोडियम नावाचा मऊ धातू आणि क्लोरीन नावाचा विषारी वायू यांची ती जोडी आहे. किलोभर मिठात सुमारे ६०० ग्रॅम क्लोरीन असतो. मग मीठ खाल्ले तर विष का बाधत नाही? कारण दोघांची गाठ पडली, की दोघांचा स्वभाव पालटतो.

ही गाठ कशी पडते, ते आम्ही सांगतो. प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉन असतात. ते फार बारीक असतात. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो. देणारा धन होतो, घेणारा ऋण होतो. धन आणि ऋण एकमेकांना ओढून धरतात. ही देण्याघेण्याची गाठ.

कोरड्या मिठात हे कण जागचे हलत नाहीत. पाण्यात ते सुटे होतात, फिरू लागतात, आणि वीज वाहून नेतात. कारखान्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडतात. एका टोकाला क्लोरीन निघतो, दुसऱ्या टोकाला हायड्रोजन. पाण्यात कॉस्टिक सोडा तयार होतो. पिण्याच्या पाण्यातले रोगजंतू मारायला क्लोरीनच कामी येतो.

आता विजेची वायर पाहा. तिचे आवरण बहुधा पीव्हीसीचे असते. त्यातही क्लोरीन आहे! पण इथे त्याची जोडी कार्बनाशी. दोघे इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात. दोन भावांची एक विहीर असते ना, तसे. ही भागीदारीची गाठ. इथे सुटा कण नाही, म्हणून वीज पुढे जात नाही.

आपल्या घामातही मीठ असते, बरे का! म्हणून ओल्या, घामेजल्या हाताने बटणाला हात लावू नका. वायरीचे आवरण फाटले तर वायर लगेच बदलून घ्या. खारे पाणी विजेला वाट देते, आवरण तिची वाट अडवते. एवढे ध्यानात ठेवले तर जीव वाचेल.