सिंत्र्याची दोन धुराडी

राजवाडे पाहण्याची आम्हांला मुळात हौस नाही. ज्याचे बालपण गिरणगावातल्या चाळीच्या एका खोलीत आणि पुढचे आयुष्य युनियनच्या कचेरीत गेले, त्याला दिवाणखान्यांचे काय अप्रूप वाटणार? परंतु कामगारांच्या एका परिषदेच्या निमित्ताने आम्हांला पोर्तुगालात लिस्बनला जाण्याचा योग आला, एक दिवस मोकळा मिळाला, आणि यजमानांपैकी एक वयस्क रेल्वे कामगार म्हणाले, "सिंत्रा पाहिल्यावाचून परत जाऊ नका." त्या दिवशी जे पाहिले आणि मागाहून जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

लिस्बनच्या रोस्सियो स्टेशनावरून सिंत्र्याला गाडी सुटते. हा लोहमार्ग 1887 साली सुरू झाला. सुमारे चाळीस मिनिटांत आपण डोंगराच्या पायथ्याशी उतरतो, आणि हवा एकदम पालटते. अटलांटिक समुद्रावरून येणारा दमट वारा या डोंगराला अडतो, वर चढतो, निवतो आणि त्याचे धुके होते. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर जे घडते तेच हे, फक्त लहान प्रमाणावर. कारण येथील सर्वांत उंच शिखर साडेपाचशे मीटरही भरत नाही. लिस्बन उन्हाने तापलेले असताना येथे झाडे हिरवी आणि अंगणे ओली असतात. राजेलोक उन्हाळ्यात येथे का येऊन राहत, याचे उत्तर या वाऱ्यात आहे.

गावात शिरताच प्रथम नजरेत भरतात ती दोन प्रचंड पांढरी धुराडी. शंकूच्या आकाराची, जवळजवळ 33 मीटर उंच. गिरणीच्या धुराड्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. परंतु ही धुराडी गिरणीची नव्हेत, जुन्या राजवाड्याच्या स्वयंपाकघराची आहेत. या खोलीला सपाट छतच नाही. भिंती वर वर निमुळत्या होत जातात आणि त्यांचेच धुराडे बनते. तापलेली हवा वर ओढली जाते आणि तिच्याबरोबर धूरही जातो. पंधराव्या शतकाच्या आरंभी, पहिला जुआंव राजा असताना, हे बांधकाम झाले. शिकारीहून परतलेल्या शेकडो माणसांच्या मेजवानीची तरतूद येथे होई. आज हीच धुराडी सिंत्र्याची खूण होऊन बसली आहेत.

आता याच वाड्यातील दुसऱ्या दालनात चला. हे ढालचिन्हांचे दालन. पहिल्या मानुएल राजाने ते सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उभारले. छतावर राजाच्या व राजपुत्रांच्या चिन्हांभोवती 72 सरदार घराण्यांची चिन्हे रंगविलेली आहेत. हा मानुएल म्हणजे ज्याच्या कारकिर्दीत, 1498 साली, वास्को द गामा कालिकतला पोचला तो. मिऱ्यांच्या आणि मसाल्यांच्या व्यापाराने त्याची तिजोरी भरली आणि त्या पैशाने पोर्तुगालात मोठमोठी बांधकामे झाली. छतावरच्या त्या सोन्याकडे पाहताना मलबारात मिऱ्यांचे घड खुडणारे हात आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

येथे एक प्रश्न आम्हांला पडला, आणि आमच्या मते सिंत्र्याचे सारे सार त्यात आहे. एका दालनात 72 घराण्यांची नोंद आहे. दुसऱ्या दालनात, जेथे त्या घराण्यांचे जेवण शिजले, तेथे एकाही आचाऱ्याचे नाव नाही. वरच्या एका खोलीत सहावा आफोन्सू हा पदच्युत राजा सुमारे नऊ वर्षे कैदेत होता आणि 1683 साली तेथेच वारला. त्याच्या येरझाऱ्यांनी फरशी झिजली, असे सांगतात. राजाच्या पावलांनी झिजलेली फरशी दाखविली जाते. चुलीपुढे पिढ्यान्पिढ्या उभी राहिलेली पावले कोण दाखविणार?

गावावर दोन शिखरे आहेत. एकावर मूरांचा किल्ला. हा मुसलमानी अमलात बांधलेला. 1147 साली लिस्बन पडल्यावर तोही पहिल्या आफोन्सूच्या हाती गेला. दुसऱ्यावर पिवळ्या-तांबड्या रंगांचा पेना राजवाडा. मठ ओसाड पडल्यावर राणी दुसऱ्या मारियाचा पती फर्नांदू याने 1838 साली ती जागा विकत घेतली आणि मनोरे, घुमट, कमानी यांचा हा संसार मांडला. ऑक्टोबर 1910 मध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले, तेव्हा राजमाता आमेलिया येथून निघाली आणि एरिसेराच्या किनाऱ्यावरून राजकुटुंबासह परदेशी गेली. तेव्हापासून हा वाडा लोकांचा आहे. तेथील स्वयंपाकघरातली तांब्याची भांडीही अवश्य पाहावीत.

आपल्या देशाशी सिंत्र्याचा एक धागा पेन्हा वेर्दे नावाच्या वाडीत आहे. ही वाडी दों जुआंव द कास्त्रू याची. हा पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला आणि 1548 साली गोव्यातच वारला. त्यापूर्वी 1538च्या सुमारास त्याने आपल्या घारापुरीची लेणी मोजमापांसह वर्णिली होती. त्याच्या या वाडीत सोमनाथ पाटणचा एक संस्कृत शिलालेख जाऊन पडला. तो 1287 सालचा, राजा सारंगदेवाच्या कारकिर्दीतला. अभ्यासक त्याला 'सिंत्रा प्रशस्ति' म्हणतात. त्रिपुरान्तक नावाच्या शैव आचार्याने बांधलेल्या देवळांची हकीकत त्यात आहे. आणि श्रोते हो, पूजेची फुले पुरविण्याचे काम माळ्यांच्या श्रेणीकडे सोपविल्याची नोंदही आहे. श्रेणी म्हणजे त्या धंद्यातील लोकांची संघटना. आमच्यासारख्याला याहून मोठा आनंद कोणता? सरदारांच्या ढालींच्या गावात, आपल्या घरापासून हजारो कोस दूर, फुले गुंफणाऱ्यांच्या संघटनेची आठवण एका दगडाने जपून ठेवली आहे!

उरलेला वेळ समुद्राला द्यावा. कोलारिश गावाजवळ वाळूत द्राक्षांचे मळे आहेत. एकोणिसाव्या शतकात मुळे कुरतडणाऱ्या किडीने युरोपातील मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा वाळूमुळे हे वाचले. पुढे काबू दा रोका, म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीचे पश्चिम टोक. सुमारे 140 मीटर उंच कडा आणि खाली उसळता सागर. आमच्या कोकणवासी मनाला तेथे क्षणभर घरच्यासारखे वाटले.

परतताना मात्र मन जड झाले. 1995 साली सिंत्रा जागतिक वारसा ठरले. आज अरुंद गल्ल्यांतून पाहुण्यांची इतकी दाटी होते की, तेथे राहणाऱ्यांनीच तक्रारीचा सूर काढला आहे. गाव जपले आणि गावकरी हरवले, तर काय जपले? हा प्रश्न आम्हांला परका नाही. जानेवारी 1982 मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या आणि त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. कोठे कोठे एखादे धुराडे शोभेसाठी राखले आहे. भोंग्याबरोबर उठणारी, साच्यावर उभी राहणारी माणसे मात्र त्या शोभेत दिसत नाहीत.

म्हणून आमची विनंती एवढीच. सिंत्र्याला जाल तेव्हा सकाळच्या पहिल्या गाडीने जा, डोंगर पायी उतरा, आणि राजवाड्यात शिरल्यावर आधी चुलीपाशी उभे राहा. सिंत्रा न घडले तर रायगडावर जा, शनिवारवाड्यात जा, आणि तेथेही पाथरवटाची, गवंड्याची, पाणक्याची चौकशी करा. धुराडे पाहिले की खाली चूल होती हे कळते. चुलीपुढे माणूस होता, हे आपण आपल्या मुलांना सांगायचे आहे.