रंकाळ्याकाठी दोन रात्री: घरच्या सहलीचं नियोजन

हातातलं काम चालू असेल तर चालू द्या; पण जमलं तर कागद-पेन्सिल जवळ ठेवा, कारण आज थोडे आकडे आहेत.

आज बोलायचंय सहलीबद्दल. गटाची अभ्याससहल नव्हे, वस्तूंचं प्रदर्शनही नव्हे. घरच्या माणसांची दोन रात्रींची सहल, आणि तीही कोल्हापूरची. आमच्या बैठकीत हा विषय निघाला की बोलणं बहुतेक वेळा एकाच जागी येऊन थांबतं: "आम्ही गेलो होतो गं, पण मला काही फिरून आल्यासारखं वाटलं नाही." का वाटलं नाही, हे विचारलं की कारण लगेच कळतं. खोलीवर स्टोव्ह नेलेला, पिशवीत तांदूळ-डाळ-कांदे, सकाळी सगळे देवळात जाणार आणि ही डबा करून मागून पोचणार. म्हणजे सहल घरच्यांची झाली, हिची फक्त चूल बदलली. तर हिलाही सुट्टी मिळेल अशी सहल कशी ठरवायची, ते आम्ही आमच्या पद्धतीनं सांगणार आहोत.

कोल्हापूर का, तर ते आपल्याला जवळ आहे. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, मग आंबा घाट चढला की मलकापूर, बांबवडे आणि कोल्हापूर. साधारण १३० किलोमीटर. एसटीनं सकाळी निघालं की दुपारपर्यंत पोचतो. एकाच गावात देऊळ आहे, राजवाडा आहे, बाजार आहे, जवळ गड आहे आणि संध्याकाळी बसायला रंकाळा आहे. कोणी म्हणेल, आपल्याला एवढा समुद्र असताना तळं बघायला कशाला जायचं? पण समुद्र आपल्याला कामाचा. किनाऱ्यावर गेलो तरी नजर होड्या आल्या का, मासळी काय भावानं गेली इकडेच. रंकाळ्यावर आपलं काही काम नसतं, हेच त्याचं सुख.

आता कधी जायचं. शाळेच्या सुट्टीचा महिना मे, म्हणून सगळे मेमध्ये जा म्हणतात. मुंबई-पुण्याच्या माणसांना ते ठीक. आपल्याकडे मेमध्ये आंबा उतरवायचा असतो, पेट्या भरायच्या असतात, आणि घरात चाकरमानी आलेले असतात. आपल्या घरात दहा माणसं सुट्टीवर आलेली असताना आपण कुठे जाणार? गणपती आणि शिमग्याचंही तसंच. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरडींची भीती, आणि पलीकडे पंचगंगेला पूर येतो. २०१९ आणि २०२१ ला कोल्हापूरचे रस्ते पाण्याखाली गेले होते, ते आठवा. राहिली दिवाळीची सुट्टी. भाऊबीज झाली, भात घरात आलं, हवा थंड व्हायला लागली की निघायचं. ज्यांची कलमं आहेत त्यांना पुढे मोहोराची आणि फवारणीची घाई लागते, म्हणून त्याच्या आत.

याच दिवसांत, ९, १० आणि ११ नोव्हेंबरच्या सुमाराला, अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर पडतात. हाच योग परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला येतो. बघण्यासारखं आहे, पण गर्दी खूप, आणि आकाशात ढग किंवा धूसरपणा असला तर किरणं पोचतही नाहीत. लहान मुलं आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर ते तीन दिवस सोडून जा, असं आमचं मत. मंगळवार, शुक्रवार, रविवारही गर्दीचे.

आता पैसे. पहिली गोष्ट, सहलीसाठी गटातून अंतर्गत कर्ज घ्यायचं नाही. ते आजारपणाला, बियाण्याला, फीला, धंद्याला. फिरून आल्यावर सहा महिने हप्ता फेडत बसलं की कोल्हापूरचं नाव काढलं तरी राग येतो. गटाच्या नेहमीच्या बचतीलाही हात लावायचा नाही. दहा महिने आधी वेगळी सुरुवात करायची. बँकेत महिन्याला १००० रुपयांची आरडी दहा महिने भरली की मुद्दलच १०,००० होते. आठवड्याला बसतात २५० रुपये. त्यातले १०० बाईचे, १५० नवऱ्याचे, असं सुरुवातीलाच ठरवा. नवऱ्याचे पैसे त्यात असले की "तुझी सहल" असं न म्हणता "आपली सहल" म्हणतात, हा आमचा अनुभव.

हे घरात ठरवायचं कसं? गटाच्या बैठकीसारखं. सगळ्यांना एकदम बसवा, सासूबाई आणि मुलीसुद्धा. प्रत्येकानं काय बघायचंय ते एकेक सांगायचं आणि वहीत लिहायचं. नुसतं विचारलं तर "बघू" एवढंच उत्तर मिळतं, आणि "बघू" म्हणजे नाही, हे आपल्याला लग्न झाल्यापासून माहीत आहे. वहीत तारीख पडली की "बघू" म्हणता येत नाही.

आता तिकिटाचा हिशेब, हा नीट ऐका. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, सगळ्या प्रकारच्या गाड्यांना, राज्याच्या हद्दीत. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना, बाई असो की पुरुष, अर्धं; आणि ७५ च्या पुढे काहीच नाही, ती सवलत ऑगस्ट २०२२ पासून आहे. समजा घरात पाच माणसं आहेत: नवरा, बायको, ६८ वर्षांच्या सासूबाई, १४ वर्षांची मुलगी, १० वर्षांचा मुलगा. पूर्ण तिकीट एकाचंच, बाकी चार अर्धी. म्हणजे पाच माणसं तीन तिकिटांत. समजा पूर्ण तिकीट २५० रुपये धरलं, तर जाऊन-येऊन १५०० रुपये. आरक्षण केलं तर त्याचा आकार वेगळा. सासूबाईंचं आधार कार्ड विसरायचं नाही, मूळ कार्डच घ्या. खासगी गाडी ठरवायचा हट्ट घरात कोणी धरला, तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

उरले ८५००. दोन रात्रींची खोली १२०० प्रमाणे २४००. जेवण-नाश्ता ३०००. गावातली रिक्षा आणि पन्हाळ्याला जाणं १०००. राजवाड्याची तिकिटं आणि किरकोळ ६००. एक हजार गाठीला, ते घरी परत आणायच्या तयारीनंच न्यायचे. आणि ५०० रुपये बाईच्या हातात, ज्यांचा हिशेब कोणी विचारायचा नाही. हे दर आम्ही अंदाजानं धरलेत, जायच्या आधी फोन करून विचारा. पण खाती हीच ठेवा. शेवटचं ५०० रुपयांचं खातं काटायचं झालं तर सगळ्यात शेवटी काटा.

खोली घेताना देवळापासून चालत जाता येईल अशी घ्या; महाद्वार रोड, भवानी मंडप या भागात धर्मशाळा आणि साधी लॉज पुष्कळ आहेत. फोनवर चार प्रश्न विचारा: खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, संडास खोलीतच आहे का आणि तो कमोडचा आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर यातला तिसरा प्रश्न देवदर्शनाइतकाच महत्त्वाचा.

आता स्टोव्ह. तो घरी ठेवायचा. पहिल्या दिवशी बसमध्ये खायला तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकी चटणी न्या, त्यानंतर शिधा नाही. दोन रात्रींच्या सहलीत चार जेवणं बाहेरची होतात. माणशी १२० रुपयांची साधी थाळी धरली तर पाच जणांची चार जेवणं २४०० रुपयांत होतात. दोन सकाळचे नाश्ते आणि चहा धरून ते ३००० पुरतात. स्वतः रांधलं तर यातले हजार-बाराशे वाचतील, हे खरं. पण त्या हजारासाठी एका माणसाचे तीन दिवस जातात. ते कोणाचे जातात हे माहीत असल्यामुळेच घरात कोणाला हा सौदा महाग वाटत नाही. तांबडा-पांढरा रस्सा एकदा खा, त्या जेवणाला जास्त पैसे पडतील म्हणून दुसऱ्या वेळी मिसळीवर भागवा. आपल्या मुलांना खोबऱ्याच्या वाटणाची सवय, तिथला कांदा-लसूण मसाला झोंबतो. मुलांसाठी पांढरा रस्सा आणि दही मागवा. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी समोर उभ्या असतात आणि धारोष्ण दूध मिळतं. मुलांना ते बघायलाच मजा येते. पोट हलकं असलेल्यांनी आणि लहान मुलांनी मात्र उकळलेलंच प्यावं.

पहिल्या दिवशी पोचल्यावर काही बघायचं नाही. आंघोळ करून सगळ्यांनी झोपायचं, हिनंही. उन्हं उतरली की रंकाळा. आधी इथे दगडाची खाण होती, मग भूकंप होऊन तिच्यात पाणी भरलं, असं सांगतात. रंकभैरवावरून नाव पडलं. काठावर शालिनी पॅलेस दिसतो, तो १९३१ ते १९३४ मध्ये बांधला. पाण्यात संध्यामठ आहे, पाणी खाली गेलं की उघडा पडतो. काठानं फिरायला वाट आहे, बाग आहे, भेळेच्या गाड्या आहेत. पाण्यात उतरू मात्र नका. सांडपाणी आणि केंदाळ यांचं दुखणं या तळ्याला जुनं आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे देऊळ, रांग लहान असते तेव्हाच. इथे एक गोष्ट उघडपणे बोलू. देवळाची सहल ठरली की बऱ्याच जणी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेतात, कुणाला न विचारता. तसं करू नका. ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा लिव्हरचा त्रास झालाय, त्यांना या गोळ्या धोक्याच्या असतात. घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना आधी भेटा. नाहीतर तारीख धरताना कॅलेंडरवर आपली तारीखही बघा, सहल आठ दिवस मागे-पुढे करता येते. आणि तरीही तिथे पाळी आली, तर काय करायचं ते तुमच्या मनानं ठरवा. पण खोलीत कोंडून घेऊ नका. रंकाळ्याला आणि राजवाड्याला तुम्ही जाऊच शकता.

दर्शनानंतर भवानी मंडप आणि जवळच चपलांची ओळ. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून आहे. चप्पल घालून चार पावलं चाला, मग भाव करा. जिनं स्वतः पापड-कोकम विकलंय तिनं कारागिराचा भाव फार पाडू नये, एवढी आमची विनंती. दुपारी न्यू पॅलेस. हा राजवाडा १८८४ मध्ये पुरा झाला, तळमजल्यावर संग्रहालय आहे. मुलींना तिथे शाहू महाराजांबद्दल सांगा: १९०२ मध्ये त्यांनी संस्थानाच्या नोकऱ्यांत मागास जातींसाठी ५० टक्के जागा राखल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचं ठरवलं. टाउन हॉलचं संग्रहालय बघायचं असेल तर सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. सगळं एका दिवसात कोंबू नका. संध्याकाळी परत रंकाळ्यावर गेलात तरी कोणी हसणार नाही.

तिसऱ्या दिवशी सामान घेऊन पन्हाळा. तो कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर, आणि आपल्या परतीच्या रस्त्याच्या बाजूलाच आहे. वाघबिळापाशी गडाचा फाटा फुटतो. अंबरखान्याची धान्याची कोठारं, तीन दरवाजा, अंधार बाव एवढं बघितलं तरी पुरे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात पन्हाळा आहे, आणि आपल्या हर्णैचा सुवर्णदुर्गही आहे. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज याच गडावरून सिद्दीचा वेढा चुकवून रात्री विशाळगडाकडे निघाले, आणि पावनखिंडीत बाजीप्रभू लढले. परत येताना आंब्याजवळ विशाळगडाचा फाटा लागतो, तो मुलांना खिडकीतून दाखवा. रत्नागिरीची शेवटची सोयीची गाडी वाघबिळाला किती वाजता येते आणि तिथे थांबते का, हे कोल्हापूर स्टँडवर आदल्या दिवशीच विचारून ठेवा. जास्त सामान आणि म्हातारं माणूस असेल तर स्टँडवर परत जाऊन जागा धरून बसणं बरं.

घराचं काय? गुरं, कोंबड्या, झाडांना पाणी, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याचं जेवण. याच्यापायी बाई घर सोडत नाही. लावणीला जशा आपण एकमेकींच्या शेतात जातो, तसंच हे करायचं. गटात दोघी-दोघींची जोडी लावा. ही गेली की ती हिची गुरं बघेल, ती गेली की ही. बैठकीच्या वहीत जोड्या आणि तारखा लिहून ठेवा, म्हणजे उपकाराचा प्रश्न येत नाही. आणि परतायच्या रात्री जेवण जोडीदारणीकडे, हेही आधीच ठरवा. मुगाची खिचडी चालेल. धुणं दुसऱ्या दिवशी.